मुलाचा ताबा आणि बाणेरचा फ्लॅट: न्यायालय नेमके काय पाहते?

सदाफुली | ९ जून, रात्री १०.४०

नमस्कार. हा धागा सहानुभूतीसाठी काढलेला नाही, ती घरात पुरेशी मिळते. मला माहिती हवी आहे, आणि शक्य असेल तर ज्यांनी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या स्वतः चढल्या आहेत त्यांच्याकडून.

लग्नाला अकरा वर्षे झाली. गेले चौदा महिने मी मुलाला घेऊन कोथरूडला आईकडे राहते. मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत गेला. बाणेरला दोघांच्या नावावर टू बीएचके आहे आणि त्याच्या कर्जाचे नऊ वर्षांचे हप्ते बाकी आहेत. हप्ता मुलाच्या वडिलांच्या खात्यातून जातो. घरखर्च, मुलाची फी आणि स्वयंपाकाच्या मावशींचा पगार ही सगळी बाजू माझ्या पगारातून चालत असे, त्यामुळे बँकेच्या कागदांवर घर त्यांनी घेतल्यासारखे दिसते. सुरुवातीच्या रकमेत माझ्या पाटल्या आणि आजीचा कोल्हापुरी साज मोडून आलेले पैसे होते, पण सराफाची पावती कोणाच्या नावाने झाली हे मला आज आठवत नाही.

मामांचे म्हणणे असे की फ्लॅटवरचा हक्क सोडून द्यावा, म्हणजे ते मुलाचा हट्ट सोडतील. तिकडून सासूबाईंचा निरोप आहे की नातू दर शनिवारी-रविवारी पाठवशील तर फ्लॅटचे बघू. दोन्हीकडचे वडीलधारे एकाच तराजूने मोजत आहेत, फक्त पारडी उलटी आहेत. न्यायालयात असा हिशेब चालतो का?

---

कैफियतकार | १० जून, सकाळी ७.१५

सदाफुलीताई, पुण्यात एकोणीस वर्षे कौटुंबिक दावे चालवतो आहे. तरी खाली लिहितो तो सल्ला समजू नका, आपल्या वकिलांना विचारायचे प्रश्न समजा.

आपल्या मामांचा हिशेब बैठकीत चालतो, निकालपत्रात चालत नाही. ताबा आणि मिळकत हे दोन प्रश्न एकाच अर्जात मांडले गेले तरी न्यायाधीश ते दोन वेगळ्या नजरांनी पाहतात. मिळकतीत कागद पाहिला जातो, म्हणजे नाव कोणाचे, पैसा कोणाचा आणि पुरावा काय. ताब्यात पालकाचा हक्क हा पहिला प्रश्न नसतोच. पहिला प्रश्न मुलाच्या हिताचा असतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम १३ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. कलम ६ मध्ये वडिलांना नैसर्गिक पालक म्हटले असून त्यांच्यानंतर आईचे नाव येते, परंतु १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ इतका अरुंद घेण्यास नकार दिला. पाच वर्षे पूर्ण न झालेले मूल सामान्यतः आईकडे असावे, हेही त्याच कलमात आहे. आपला मुलगा त्या वयाच्या पुढे गेला आहे, त्यामुळे तो आधार आपल्याला नाही. म्हणून आपली बाजू कमकुवत झाली असेही नाही. त्याची शाळा, झोपण्या-उठण्याचे वेळापत्रक, आजारपणात कोण जवळ असते, घरी आल्यावर दार कोण उघडते, या गोष्टी आता तोलल्या जातील.

पालक व पाल्य अधिनियम १८९० सालचा आहे, पण त्याच्या कलम १७ मधली एक ओळ आजही रोज उपयोगी पडते: मूल समजून-उमजून आपली पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर ती विचारात घेता येते. ‘विचारात घेणे’ आणि ‘मान्य करणे’ यांतला फरक मात्र ध्यानात ठेवावा.

मूल ज्याच्याकडे बराच काळ राहिले त्याच्याकडेच ते राहील, असा समज आहे. २०१७ मधल्या एका निकालात मुलगी पावणेदोन वर्षांची असल्यापासून वडिलांकडे वाढली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने ताबा आईला दिला आणि मुलाच्या मनात दुसऱ्या पालकाविषयी दुरावा कसा रुजवला जातो याचीही नोंद घेतली. आपल्याकडे चौदा महिने आहेत. त्या काळात मुलाचे वडिलांशी बोलणे, भेटणे चालू होते ना, हा प्रश्न आपल्याला पहिल्या दोन तारखांतच विचारला जाईल. उत्तर ‘हो’ असेल तर ते आपल्या बाजूचे सर्वांत भक्कम वाक्य ठरेल.

---

रविवारचा बाबा | १० जून, दुपारी १.०५

मी दुसऱ्या बाजूचा आहे. मुलगी आईकडे असते आणि माझ्याकडे भेटीचे अधिकार आहेत. कैफियतकारांनी लिहिलेला कायदा बरोबर आहे, पण आदेश हातात पडल्यावर कायदा संपतो आणि कॅलेंडर सुरू होते, हे कोणी आधी सांगत नाही.

माझ्या आदेशात भेट ‘एक शनिवार सोडून एक’ होती. वाचायला सोपे आहे. ज्या महिन्यात पाच शनिवार येतात तेव्हा काय करायचे? मी चौदा दिवस मोजत होतो, समोरून पहिला आणि तिसरा शनिवार मोजला जात होता. तिसऱ्या महिन्यातच आमची मोजणी एकमेकांपासून सुटली आणि मी दारात उभा असताना मुलगी मामाच्या गावी गेलेली होती. त्यावर अर्ज, अर्जावर समोरच्यांचे म्हणणे, मग मुदतीचा अर्ज, असे करत एका शनिवारसाठी सात महिने गेले. शेवटी ‘दुसरा व चौथा शनिवार’ अशी दुरुस्ती झाली.

दिवाळीची ‘अर्धी सुट्टी’ही तशीच. शाळेच्या परिपत्रकाप्रमाणे सुट्टीचे दोन भाग केले तर एका वर्षी माझ्या वाट्याला वसुबारस ते नरकचतुर्दशी आली आणि दुसऱ्या वर्षी भाऊबीज उलटून गेल्यानंतरचे दिवस. माझ्या बहिणीचा मुलगा ताटाशी बसून राहिला. आमच्या घरी गौरी-गणपती असतात, गौरी जेवण्याच्या दिवशी घरातली लेक घरात असावी असे माझ्या आईला वाटते, आणि गणपती आदेशात कुठेही नव्हते, कारण मसुदा करताना मी स्वतःच ते सांगायला विसरलो. सदाफुली, मसुद्याला बसाल तेव्हा समोर पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक दोन्ही ठेवा. कायद्याचे पुस्तक वकिलांकडे असतेच.

आणखी एक सांगतो, तक्रार म्हणून नव्हे. ज्या सोसायटीत मी सहा वर्षे राहिलो तिथे आता फाटकावर अभ्यागतांच्या वहीत नाव लिहावे लागते. ‘कोणाकडे’ या रकान्यात माझाच जुना फ्लॅट क्रमांक, आणि ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात पहिल्या दिवशी काय लिहावे ते कळेना, म्हणून ‘मुलगी’ असे लिहिले. वॉचमनने ते वाचले आणि फाटक उघडले. तेव्हापासून दर वेळी तेच लिहितो.

---

पासबुक | १० जून, सायंकाळी ६.३०

बँकेत तेहतीस वर्षे काढून निवृत्त झालो, त्यातली बरीच गृहकर्जाच्या टेबलावर. ताब्याविषयी मला अक्कल नाही. कर्जाविषयी मात्र एक गोष्ट ठामपणे सांगतो: घटस्फोटाचा हुकूमनामा बँकेवर बंधनकारक नसतो, कारण बँक त्या दाव्यात पक्षकारच नसते. सहकर्जदार म्हणून सही असेल तर आपण दोघे एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही देणे लागता. ‘हप्ते पती भरतील’ असे न्यायालयापुढे लिहून घेतले आणि पुढे त्यांनी ते थांबवले, तर बँकेची नोटीस ताईंनाही येईल आणि सिबिलचा आकडा ताईंचाही खाली येईल. हुकूमनाम्याच्या जोरावर ते पैसे त्यांच्याकडून वसूल करता येतील हे खरे, पण ती वेगळी लढाई झाली.

सहकर्जदाराचे नाव नुसत्या अर्जावर निघत नाही. उरलेल्या एकट्याच्या उत्पन्नावर बाकी कर्ज बसते का, हे बँक नव्याने तपासते. बसत नसेल तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवणे, काही रक्कम भरून बाकी कमी करणे किंवा घर विकणे, एवढेच मार्ग राहतात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी बँकेचे मुक्ततेचे पत्र, मग हक्कसोडपत्रावर सही. माझ्या टेबलासमोर उलट क्रमाने सही करून आलेल्या बायका बसल्या आहेत, घर गेलेले आणि कर्ज राहिलेले. आणि विमा, म्युच्युअल फंड, मुदत ठेवी यांवरची नामनिर्देशने बदलायला विसरू नका. घटस्फोट झाला म्हणून ती आपोआप बदलतील या भरवशावर राहू नये.

---

वाडेकर | १० जून, रात्री ९.२०

एवढा कायद्याचा कीस पाडण्यापेक्षा दोन्हीकडच्या चार वडीलधाऱ्यांनी एक दिवस बसून मिटवावे. आमच्या वेळी असेच होत असे.

---

मृगनक्षत्र | १० जून, रात्री ९.५५

वाडेकर काका, आपल्या वेळी बसलेल्या चौघांनी काय मिटवले हे त्या बायकांना विचारायला हवे होते. असो, विषयावर येते.

सदाफुली, आजीच्या साजाचा मुद्दा सोडू नका. स्त्रीधन ही स्त्रीची पूर्ण मालकीची मालमत्ता आहे आणि ते पतीकडे किंवा सासरी ठेवायला दिले तरी मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले. एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले की स्त्रीधन ही पती-पत्नीची संयुक्त मालमत्ता नव्हे. अडचणीच्या वेळी पतीने ते वापरले तर परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याची आहे.

पण सांगणे सोपे आणि दाखवणे अवघड. माझ्याकडे एकही पावती नव्हती. होता तो लग्नाचा अल्बम. मी आणि माझी बहीण, दोघींनी चार रात्री बसून एकेका फोटोतला दागिना ओळखला: सीमंतपूजनाच्या फोटोत तोडे, सप्तपदीच्या फोटोत चपलाहार, गृहप्रवेशाच्या फोटोत उजव्या हातात बिलवर आणि डाव्या हातात एकच गोट, कारण दुसरा गोट तेव्हा नणंदेने हौसेने घातला होता. त्याच फोटोत कडेला उभ्या असलेल्या नणंदेच्या हातात तो दिसतो. उलटतपासणीत ‘असे दागिने नव्हतेच’ हे उत्तर त्या फोटोपुढे टिकले नाही. फोटोंच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख होती, तीही उपयोगी पडली. संयुक्त लॉकर मात्र मी उघडायला जाण्यापूर्वीच रिकामा झाला होता. लॉकर कोणी कोणत्या दिवशी उघडला याची नोंद बँकेकडे असते, आणि ती न्यायालयामार्फत मागवता येते. ती मी दोन वर्षे उशिरा मागवली.

---

कैफियतकार | ११ जून, सकाळी ७.४०

पासबुक यांनी माझे निम्मे काम केले. राहिलेले फ्लॅटविषयी.

घटस्फोट झाला की पत्नीला पतीच्या मिळकतीत निम्मा वाटा मिळतो, हा समज मालिकांतून पसरला असावा. महाराष्ट्रात हिंदू पती-पत्नींना लागू होणारा असा कोणताही कायदा नाही. पतीच्या स्थावर मिळकतीत पत्नीला वाटा देणारी दुरुस्ती असलेले विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले होते, पण लोकसभेत पुढे सरकले नाही आणि रद्दबातल झाले. म्हणून आजही ज्याच्या नावाचा कागद त्याची मिळकत हीच सुरुवात असते, आणि पोटगी हा वेगळा विषय राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायमस्वरूपी पोटगी हे पतीच्या संपत्तीशी बरोबरी साधण्याचे साधन नाही. नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना आपली मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यामुळे पूर्वीसारखा ‘पगार किती’ यावरचा लपंडाव बराच कमी झाला आहे, संपला आहे असे मी म्हणणार नाही.

हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २७ फक्त लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या संयुक्त मालकीच्या वस्तूंना लागू होते. न्यायालयाने १९९७ मध्ये त्याचा अर्थ थोडा सैल केला: लग्नाशी संबंध असेल तर आधी किंवा नंतर मिळालेली भेटही त्यात बसू शकते. आपला फ्लॅट त्यात बसत नाही. तो दोघांच्या नावावर आहे, म्हणजे आपण सहमालक आहात, आणि करारनाम्यात हिस्से लिहिलेले नसतील तर समान हिस्से ही सुरुवात धरली जाते. मी कमी दिले, तू जास्त दिलेस, हा वाद त्यानंतर पुराव्याने करायचा. आता टू बीएचकेच्या मधोमध भिंत घालता येत नाही. त्यासाठी १८९३ चा वाटणी कायदा आहे: मिळकत सरस-निरस, म्हणजे प्रत्यक्ष भाग पाडून, वाटता येत नसेल तर निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेल्याच्या विनंतीवरून न्यायालय ती विकून पैसे वाटण्याचा आदेश देऊ शकते, आणि दुसऱ्या हिस्सेदाराला मूल्यांकनाच्या किमतीने तो हिस्सा विकत घेण्याची मुभा असते. प्रत्यक्षात बहुतेक जोडपी या आदेशापर्यंत पोहोचत नाहीत. आदेश आला तर काय होईल हे दोघांनाही कळले की तडजोड जवळ येते.

आपण घर सोडले म्हणून आपला तिथे राहण्याचा हक्क संपला, असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे आणि ऑक्टोबर २०२० च्या निकालानंतर ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी तो मागता येतो. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. लोक या दोहोंत नेहमी घोटाळा करतात, काही वकीलसुद्धा.

संमतीने घटस्फोटाकडे जायचे ठरले तर हिंदू विवाह अधिनियमाचे कलम १३-ब. एक वर्ष वेगळे राहिलेले असणे आवश्यक आहे, ते आपले झाले. अर्ज केल्यानंतरचा सहा महिन्यांचा थांबा २०१७ च्या निकालामुळे माफ होऊ शकतो. त्यासाठी अर्जापूर्वीच दीड वर्ष वेगळे राहिलेले असावे आणि ताबा, पोटगी, मिळकत हे सगळे खरोखर मिटलेले असावे. आपल्याला आणखी चार महिने थांबून अर्ज करणे सोयीचे पडेल का, हे वकिलांना विचारा. मात्र अंतिम आदेशापर्यंत कोणत्याही पक्षाला संमती मागे घेता येते, म्हणून पहिल्या दिवशी सगळे देऊन मोकळे होऊ नये. पती-पत्नींमधल्या निवासी घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात दोनशे रुपये मुद्रांक शुल्क लागते, इतर आकार वेगळे, आणि तो मोह मोठा असतो. पण बक्षीस घटस्फोटाआधी द्यावे लागते, आणि नेमकी त्यानंतर संमती मागे घेतली गेली तर बक्षीस गेलेले असते. शिवाय मोबदल्याच्या बदल्यात दिलेले बक्षीस हे बक्षीस नव्हेच, अशी हरकत नंतर निघू शकते. दुसरा मार्ग तडजोडीच्या हुकूमनाम्याचा. तिथे फ्लॅट हा दाव्याचा विषय म्हणून अर्जात लिहिलेला असायला हवा. नसेल तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे त्या हुकूमनाम्याची नोंदणी लागते, आणि हे बऱ्याचदा सोसायटीत भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) बदलायला गेल्यावर लक्षात येते.

---

मांडवीतीर | ११ जून, सकाळी ११.१०

विषयांतर होत असेल तर क्षमस्व. माझे लग्न गोव्यात नोंदलेले आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालू असल्याने, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि वेगळे होताना निम्मी-निम्मी होते. पुण्यात आल्यावर मैत्रिणींना हे सांगितले तेव्हा त्यांना ते परदेशातले वाटले.

---

सदाफुली | २ ऑगस्ट, रात्री ११.००

सर्वांचे आभार. अर्ज अजून दाखल व्हायचा आहे, त्यापूर्वी दोघेही स्वतःहून एका समुपदेशकांकडे गेलो. मुलाचे वडिलांशी दर रविवारी भेटणे आणि रोज रात्री फोनवर बोलणे चालू होते, ते मी पुन्हा नीट सांगितले. कैफियतकारांचे वाक्य खरे निघाले. खोलीतले वातावरण त्या एका उत्तरानंतर बदलले.

एक भीती आहे. न्यायाधीश मुलाला बोलावून ‘तुला कोणाकडे राहायचे’ असे विचारतात का? तो आठ वर्षांचा आहे. क्रिकेटच्या संघात कोणाला घ्यायचे हे ठरवतानासुद्धा तो रडवेला होतो.

---

रविवारचा बाबा | ३ ऑगस्ट, सकाळी ८.२०

माझ्या मुलीला चेंबरमध्ये बोलावले होते, आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर. बारा मिनिटांनी ती बाहेर आली. काय विचारले म्हणून आम्ही दोघांनीही विचारले नाही, त्या वर्षात आम्ही दोघांनी मिळून केलेली ती एकच शहाणपणाची गोष्ट असेल. रात्री तिने आपणहून सांगितले की मॅडमनी वर्गातल्या मैत्रिणींची नावे विचारली आणि सकाळी डबा कोण भरते ते विचारले.

---

कैफियतकार | ३ ऑगस्ट, रात्री ८.४५

अनुभवी न्यायाधीश तसा थेट प्रश्न टाळतात. मूल पढवून आणलेले असेल तर ते पहिल्या पाच वाक्यांत कळते, आणि ते पढवणाऱ्याच्याच अंगाशी येते. समुपदेशकांपुढे झालेले बोलणे गोपनीय राहते, अर्ज न्यायालयात दाखल झाल्यावर तिथल्या विवाह समुपदेशकांनाही हे लागू असते. पुढे संमतीचे अर्ज असतील आणि ताब्यावर वाद नसेल तर मुलाला बोलावण्याची वेळच बहुधा येणार नाही.

ताब्याचा कोणताही आदेश दगडावरची रेघ नसतो, हेही लक्षात असू द्या. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मुले ही जंगम मालमत्ता नव्हेत आणि आईवडिलांची खेळणीही नव्हेत असे म्हणताना हेच सांगितले होते. परिस्थिती बदलली, मूल मोठे झाले, कोणाची बदली झाली, तर आदेश बदलून मागता येतो. फ्लॅटचे तसे नाही, तो एकदा गेला की गेला. म्हणूनच मुलाच्या बदल्यात फ्लॅट सोडणारा पालक बदलू शकणाऱ्या गोष्टीसाठी न बदलणारी गोष्ट देऊन बसतो. विधी आयोगाचा मे २०१५ चा २५७ वा अहवालही आहे, त्यात संयुक्त ताब्याची आणि पालकत्वाच्या आराखड्याची शिफारस आहे. कायद्यात ती अजून उतरलेली नाही, पण संमतीच्या अटींमध्ये तसे लिहायला कोणाचीच मनाई नाही.

---

सदाफुली | १६ फेब्रुवारी, रात्री १०.१५

धागा वर आणते आहे, कारण अर्धवट सोडलेले धागे मला स्वतःला आवडत नाहीत. गेल्या आठवड्यात आदेश झाला.

फ्लॅट त्यांच्याकडे गेला. माझ्या एकटीच्या पगारावर उरलेले कर्ज बसत नव्हते, हे पासबुक यांनी सांगितल्याप्रमाणे दोन बँकांत विचारून पाहिले. मान्यताप्राप्त मूल्यांककाने किंमत ९६ लाख काढली, कर्जाची बाकी ३४ लाख होती. उरलेल्या ६२ लाखांचे निम्मे ३१ लाख मला, त्यातले दहा पहिल्या अर्जाच्या दिवशी आणि एकवीस अंतिम आदेशाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. हप्ते कोणी भरले, घर कोणी चालवले, हा वाद दोघांच्या वकिलांनी दोन बैठका केला आणि तिसऱ्या बैठकीत समुपदेशकांनी एकच प्रश्न विचारला, की मुलाची फी भरणाऱ्या खात्याचे उतारे कोणी आणले आहेत का. मी आणले होते. आजीच्या साजाची पावती शेवटपर्यंत सापडली नाही. मृगनक्षत्र, तुमचे वाचून अल्बम काढला, तेव्हा बारशाच्या फोटोत तो माझ्या गळ्यात होता आणि वास्तुशांतीच्या फोटोत नव्हता. ते दोन फोटो शेजारी ठेवल्यावर मुलाच्या वडिलांनीच म्हटले की सोन्याची रक्कम वेगळी धरा. ती त्या दिवशीच्या भावाने नव्हे, मोडल्याच्या दिवशीच्या भावाने धरली गेली. मी वाद घातला नाही.

हक्कसोडपत्रावर सही बँकेच्या मुक्ततेच्या पत्रानंतरच केली. त्यांना ते अविश्वासाचे वाटले. मी पासबुक काकांचा परिच्छेद छापून दाखवला.

ताबा माझ्याकडे, पालकत्व दोघांचे. शाळा बदलणे, शस्त्रक्रिया आणि पारपत्र यांसाठी दोघांच्या सह्या. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते रविवारी सायंकाळी सहा तो बाणेरला असेल. गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळपासून दीड दिवसाच्या विसर्जनापर्यंत वाईला, त्यांच्या मूळ घरी. लक्ष्मीपूजन सम वर्षी माझ्याकडे, विषम वर्षी तिकडे. भाऊबीज कायम माझ्याकडे, कारण त्याची मावसबहीण इकडे आहे. सुट्टी मोजायची ती शाळेच्या परिपत्रकावरून. मसुदा वाचताना न्यायाधीश गणपतीच्या कलमावर थांबल्या, विसर्जन किती वाजता असते असे त्यांनी विचारले, आणि ‘दुपारी चारपर्यंत’ एवढे शब्द आमच्या वकिलांनी तिथेच हाताने लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

---

रविवारचा बाबा | १७ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

अभिनंदन म्हणावे की नाही कळत नाही, म्हणून एवढेच विचारतो: पाचव्या शनिवारचे काय लिहिले?

---

सदाफुली | १७ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

आजोबांचा. मुलाच्या बाबांच्या वडिलांना आता गाडी चालवता येत नाही, म्हणून ते मेट्रोने वनाज स्थानकापर्यंत येतील आणि मी मुलाला तिथे घेऊन जाईन, असे कलम अकरामध्ये आहे. येत्या महिन्यात पाच शनिवार आहेत का ते मुलाने आजच पाहिले.